घरोपयोगी यंत्रें : गाडींतील हवेचा कॉम्प्रेसर

नागपूरकडील एका वाचकभगिनींचें पत्र गेले पंधरा दिवस आमच्या मेजावर आहे. त्या लिहितात : "आमच्या चिरंजिवांनीं खडकाळ वाटेनें व वाळूंतून चालणारी चारचाकी गाडी घेतली आहे. आतां तींत हवा भरण्याचा कॉम्प्रेसर कायमचा बसवावयाचा, असा त्यांचा हट्ट आहे. घरांतील वडील मंडळींचें म्हणणें असें कीं, जागोजाग पेट्रोलपंप असतां हें खूळ कशाला ? दोन्ही पक्ष मला साक्षीस बोलावितात. तरी आपण या विषयावर दोन शब्द लिहावे."

आम्ही यंत्रशास्त्राचे पंडित नव्हों. परंतु याच यंत्राच्या पायीं आमच्या घरीं हाच वाद झाला, थोडी नुकसानी झाली, आणि त्या निमित्तानें आम्हांस या विषयाची माहिती करून घ्यावी लागली. ती येथें सांगतों.

गेल्या पौषांत आमचे थोरले बंधू, वहिनी, त्यांचे चिरंजीव व आमच्या मातोश्री अशीं चार माणसें गाडीनें जैसलमेरास गेलीं होतीं. मातोश्रींचें वय ७८. वाळवंट एकदां डोळ्यांनीं पाहावें ही त्यांची फार दिवसांची इच्छा. जैसलमेरपासून सुमारें ४० किलोमीटरांवर सम नांवाचें गांव आहे व तेथील वाळूच्या टेकड्या प्रसिद्ध आहेत. पुतण्या या विषयांत बराच वाचलेला. वाळूंत शिरण्यापूर्वीं त्यानें चारी टायरांतील हवा ३२ पौंडांवरून १६ पौंडांवर आणली. गाडी सुरेख चालली. सूर्यास्त झाला, मंडळी डांबरी सडकेस लागली, आणि मग त्यानें हवा भरण्याचा लहानसा पंप काढून गाडीच्या सिगारेटच्या खोबणींत जोडला.

पहिला टायर भरण्यास सहा मिनिटें लागलीं. दुसरा अर्धा भरला आणि पंप एकाएकीं बंद पडला. त्याच खोबणीच्या शाखेवर दोन मोबाइलचे चार्जर चालू होते. तिघांचा भार मिळून फ्यूज उडाला. जवळ दुसरा फ्यूज नव्हता. जवळचें पंक्चरचें दुकान बंद झालेलें. अखेर दोन मऊ, एक अर्धवट व एक भरलेला अशा चार टायरांवर, ताशीं वीस-पंचवीस किलोमीटरांच्या चालीनें मंडळी शहराकडे निघालीं. मागून येणाऱ्या मोठ्या गाड्या कर्णे वाजवीत जवळून जात. रात्र अंधारी, थंडी कडाक्याची, आणि मागील आसनावर एक वृद्ध माणूस. दोन तासांनीं शहर आलें. तेथील पंक्चरवाल्यानें दार उघडून हवा भरून दिली. परंतु एका टायराची कूस आंतून चेंगरलेली निघाली. तो टायर बाद करावा लागला.

वाटेंत कोणी फारसें बोललें नाहीं. बंधूंचा राग त्यांच्या मौनांतच दिसत होता. मातोश्री मात्र उतरतांना एवढेंच म्हणाल्या, "अरे बाळ, सोडायची तेवढी हवा मोजलीस, भरायची कोणीं मोजायची?"

या विषयावर आजपर्यंत आम्हीं जें वाचलें, त्या सर्वांचें सार या एका वाक्यांत आहे. तेव्हां तोच हिशेब प्रथम करूं.

हवा मुळांत सोडावी कां, असें पुष्कळांस वाटतें. याचें उत्तर सोपें आहे. टायरांत जितका दाब, तितकाच दाब स्थूलमानानें जमिनीवर पडतो. माणसें व सामान धरून गाडीचें वजन २००० किलो मानलें तर एका चाकावर ५०० किलो, म्हणजे सुमारें ११०० पौंड भार येतो. चौरस इंचास ३२ पौंड दाब असेल तर तो भार तोलण्यास सुमारें ३४ चौरस इंच जमीन लागते. दाब १६ केला कीं तीच जमीन दुप्पट, म्हणजे सुमारें ६९ चौरस इंच होते. टायर लांबट पसरतो आणि वाळूंत रुतण्याऐवजीं तिच्यावर तरंगतो. उंटाच्या रुंद, मऊ पावलाचें काम हेंच. लोखंडी धांवेची बैलगाडी नदीच्या पात्रांत कशी रुतत असे, हें ज्यांनीं लहानपणीं पाहिलें असेल, त्यांस अधिक सांगणें नको.

ही युक्ति आजची नाहीं. हवेच्या टायराचें पहिलें पेटंट रॉबर्ट विल्यम टॉमसन या स्कॉटिश गृहस्थानें १८४५ सालीं घेतलें. तें विस्मृतींत गेल्यावर १८८८ सालीं जॉन बॉइड डनलॉप या बेलफास्टच्या पशुवैद्यानें, मुलाच्या तीनचाकी सायकलीवर प्रयोग करून, पुन्हा तेंच पेटंट मिळविलें. पुढें राल्फ बॅग्नॉल्ड या इंग्रज लष्करी अधिकाऱ्यानें १९२० ते १९३० च्या सुमारास इजिप्त व लिबियाच्या वाळवंटांत साध्या फोर्ड गाड्या नेल्या. टायरांतील हवा कमी करून वाळू ओलांडण्याचा त्याचा परिपाठ होता. दुसऱ्या महायुद्धांत जमिनीवर व पाण्यांत चालणारी 'डक' नांवाची अमेरिकन सहाचाकी गाडी निघाली. तिच्या चालकास जागेवर बसूनच चाकांतील हवा कमीअधिक करतां येई. वाळूवर उतरावयाचें व लगेच सडकेस लागावयाचें, हें तिचें काम. म्हणून हवा सोडण्याची व भरण्याची सोय तिच्या रचनेंतच केलेली होती.

भरण्याची सोय कां पाहिजे ? मऊ टायर वाळूंत जितका हितकारक, तितकाच सडकेवर घातक. प्रत्येक फेऱ्याबरोबर त्याची कूस दुमडते व उलगडते. त्यांतून उष्णता उत्पन्न होते. वेग वाढला कीं ही उष्णता निघून जाण्यास अवकाश मिळत नाहीं. आंतील थर सुटतात व टायर फुटतो. वळणावर गाडी हेलकावते तें वेगळेंच. सम गांवाहून ताशीं पंचवीसच्या चालीनें येण्याचा पुतण्याचा निर्णय शहाणपणाचा होता, हें त्यास दोष देतांना आम्हीं घरांत मुद्दाम सांगितलें.

आतां हवा मोजूं. टायर म्हणजे एक पोकळ कडें. आमच्या गाडीचा टायर २५५/६५ आर १८ या मापाचा आहे. त्याची पोकळी आम्हीं काढलेल्या हिशेबानें सुमारें ७० लिटर भरते. बाहेरील हवेचा दाब समुद्रसपाटीस चौरस इंचास १४.७ पौंड असतो. १६ पौंडांवरून ३२ वर जावयाचें म्हणजे १६ पौंडांची भर घालावयाची. १६ भागिले १४.७ म्हणजे १.०९, आणि त्यास ७० नीं गुणिलें कीं ७६ लिटर. एका टायरास ७६, तर चारांस सुमारें ३०५ लिटर मोकळी हवा यंत्रानें ओढून आंत कोंबली पाहिजे. ज्यांची गाडी लहान आहे त्यांचा आंकडा कमी येईल. परंतु यंत्र घेण्यापूर्वीं प्रत्येकानें हा हिशेब वहींत मांडावा.

येथें विक्रेत्यांच्या आंकड्यांविषयीं एक इशारा देणें अवश्य आहे. डब्यावर "मिनिटास ३५ लिटर" असें छापलेलें असतें, तें बहुधा नळी मोकळी असतांनाचें माप असतें. समोर दाब नसेल तर कोणतेंहि यंत्र धांवतें. टायरांत तीस पौंड दाब उभा राहिला कीं तेंच यंत्र निम्म्यावर येतें. म्हणून "३० पौंडांच्या दाबावर मिनिटास किती लिटर ?" हा प्रश्न विचारावा, व उत्तर लेखी नसेल तर छापील आंकड्याचें निम्में धरून चालावें. तसेंच "कमाल दाब १५० पौंड" अशा जाहिरातीनें भुलून जाऊं नये. आपणांस ३५ च्या पुढें क्वचितच जावयाचें असतें. आपली गरज प्रवाहाची आहे, दाबाची नव्हे.

मिनिटास खरोखर १५ लिटर देणारा लहान पंप ३०५ लिटरांस वीस मिनिटें घेईल. ५५ लिटर देणारा मोठा कॉम्प्रेसर साडेपांच मिनिटें. वीस मिनिटें थांबण्यास कोणाची हरकत नाहीं. अडचण निराळीच आहे. लहान यंत्र इतका वेळ सतत चालण्यासाठीं केलेलेंच नसतें. प्रत्येक यंत्राबरोबर त्याचें 'ड्यूटी सायकल' दिलेलें असतें. तें ३३ टक्के असेल तर अर्ध्या तासांत दहा मिनिटें चालवावें व वीस मिनिटें निववावें, असा त्याचा अर्थ. सायकलला हवा भरतांना पंपाचा खालचा भाग कसा तापतो, हें सर्वांस ठाऊक आहे. दाबलेली हवा तापते हा निसर्गनियमच आहे. ती उष्णता दट्ट्याच्या कड्यांस जाळते. तापल्यावर आपोआप बंद होणारें यंत्र असेल तर तें अवश्य पसंत करावें.

लडाख, स्पिती इत्यादि उंच प्रदेशांत जाणारांनीं आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. खारदुंग-ला घाटावर, पांच हजार मीटरांहून अधिक उंचीवर, हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळजवळ निम्मा असतो. प्रत्येक फेऱ्यांत यंत्राच्या हातीं निम्मीच हवा लागते, म्हणून पुण्यांत दहा मिनिटांत होणाऱ्या कामास तेथें वीस लागतात. उंचावर यंत्र बिघडलें अशी समजूत करून घेऊन त्यास उघडून बसणारे लोक आम्हांस भेटले आहेत.

निवडीचे तीन प्रकार आहेत. पहिला, सिगारेटच्या खोबणींत जोडावयाचा लहान पंप. त्या खोबणीस बहुधा १० ते २० अँपियरांचा फ्यूज असतो. तिच्यावर याहून मोठें यंत्र चालवूं नये, आणि तें चालू असतां तेथें दुसरें कांहीं जोडूं नये. एखाद्या टायरांत दोनचार पौंड हवा घालण्यास, अथवा पंक्चर बुजविल्यावर तो टायर भरण्यास हा पुरेसा आहे. दुसरा, पेटींत ठेवून वेळेस बॅटरीस चिमटे लावावयाचा मोठा पंप. हा २५ ते ३५ अँपियर घेतो, काम चोख करतो, व एका गाडींतून दुसरींत नेतां येतो. एकत्र कुटुंबांत दोन-तीन गाड्या असतील तेथें हाच बरा. तिसरा, गाडींत कायमचा बसवावयाचा. जे वर्षांतून अनेकदां कच्च्या वाटेस जातात, किंवा ज्यांच्या गाडीच्या आंसांत हवेच्या दाबानें चालणारें 'लॉकर' बसविलेलें आहे, त्यांसच याची खरी गरज. वेगळी हवेची टांकी मात्र टायरांसाठीं लागत नाहीं. ती घेतलीच तर सुरक्षा-झडप हवीच, व कोंकणच्या दमट हवेंत तळाशीं सांचणारें पाणी वरचेवर सोडावें लागतें.

आमच्या घरीं बंधूंचें मत पहिल्या प्रकारावर, पुतण्याचें तिसऱ्यावर. वादाचें मूळ पैशांत होतें हें सांगण्यास संकोच कशाला ? तिसऱ्याची किंमत पहिल्याच्या कित्येक पट होती, आणि वाया गेलेल्या टायराचा भुर्दंड ताजा होता. शेवटीं वहिनींनीं वर्षाची वही काढली. गाडी वर्षांत सात वेळां कच्च्या वाटेस गेली होती. त्यांत चार वेळां आमच्या कोंकणांतील मूळ गांवीं, कुलदैवताच्या डोंगरावर, जेथें शेवटचे सहा किलोमीटर जांभ्या दगडाचा व पावसाळ्यांत चिखलाचा रस्ता आहे. त्या सात वेळांपैकीं पांच वेळां गाडींत म्हातारें अथवा लहान माणूस होतें. वहिनी म्हणाल्या, "हौसेचा खर्च असता तर तो त्यानें आपल्या पगारांतून करावा, असें मींच म्हटलें असतें. पण ह्या गाडींत सासूबाई बसतात; तेव्हां खर्च घरानें करावा, आणि फ्यूज कोठें आहे हें त्यानें सर्वांस दाखवावें." हा निवाडा उभयतांनीं मान्य केला.

आतां जोडणी. यांत पहिला प्रश्न जागेचा. बॉनेटखालीं बसविल्यास बॅटरी जवळ पडते, परंतु इंजिनाची उष्णता व पाणी हे दोन शत्रूहि जवळ येतात. मागें सामानाच्या जागीं बसविल्यास तो थंड व कोरडा राहतो, परंतु तार लांब होते. लांब तारेचा तोटा आंकड्यांतच पाहावा. ३० अँपियरांच्या यंत्रास अडीच चौरस मिलीमीटरची तांब्याची तार सहा मीटर नेली, तर जाऊन येऊन बारा मीटर होतात, व त्यांत सुमारें २.७ व्होल्ट वाटेंतच गळतात. बारा व्होल्टांच्या यंत्रास नऊसव्वानऊ पोंचले तर तें कण्हत चालणार, तार तापणार, व दोष मात्र यंत्राच्या माथीं येणार. तीच तार दहा चौरस मिलीमीटरची घेतली तर गळती पाऊण व्होल्टाच्याहि आंत येते. बॅटरीपासून दोन मीटरांवर यंत्र असेल तर सहा चौरस मिलीमीटरची तार पुरते. तारेंत केलेली काटकसर ही पुढें यंत्रास भोंवते.

दुसरा, आणि सर्वांत महत्त्वाचा, प्रश्न फ्यूजचा. आम्हीं गाडी ज्या गॅरेजांत नेली तेथील वायरमन हुशार व हातानें सफाईदार होता. परंतु त्यानें धन तार थेट बॅटरीस जोडली व फ्यूज यंत्राजवळ बसविला. पुतण्यानें विचारल्यावर, "फ्यूज आहे ना, मग कोठें कां असेना," असें उत्तर मिळालें. हें चूक आहे. फ्यूज यंत्राचें रक्षण करतो त्याहून अधिक तारेचें करतो. तार वाटेंत पत्र्याच्या धारेवर घासून उघडी पडली, तर फ्यूजच्या अलीकडील भागांत बॅटरीचा सर्व प्रवाह अनिर्बंध वाहील व तार निखाऱ्यासारखी लाल होईल. गाड्यांस आगी लागण्याचें हें एक ठळक कारण होय. म्हणून फ्यूज बॅटरीपासून एका वितीच्या आंत असावा. त्याचें माप यंत्राच्या ओढीहून थोडें अधिक व तारेच्या सहनशक्तीहून कमी असावें. तीस अँपियरांच्या यंत्रास व सहा चौरस मिलीमीटरच्या तारेस ४० चा फ्यूज योग्य. पत्र्यांतून तार जाते तेथें रबरी कडें घालावें, व तारेवर वेष्टण चढवावें. वायरमननें हें सर्व ऐकून घेतलें व बिनतक्रार पुन्हा करून दिलें, हें त्याच्या बाजूनें नमूद केलें पाहिजे.

तिसरी गोष्ट रिलेची. चालकासमोरील नाजूक बटनांतून तीस अँपियर नेऊं नयेत. बटनानें रिलेस इशारा द्यावा व मोठा प्रवाह रिलेनें वाहावा. हा इशारा किल्ली फिरविल्यावरच मिळणाऱ्या तारेवरून घ्यावा; म्हणजे मुलांच्या हातून बटन दाबलें गेलें तरी उभ्या गाडीची बॅटरी रिकामी होणार नाहीं. अलीकडील कित्येक गाड्यांत बॅटरीच्या ऋण टोंकावर प्रवाह मोजणारें साधन असतें. अशा गाडींत यंत्राची ऋण तार त्या टोंकास न जोडतां गाडीच्या सांगाड्यावरील नेमलेल्या जागीं जोडावी. नाहींतर मोजमापांत घोटाळा होतो. कंपनीच्या मूळ तारा कापून जोड देऊं नये. वॉरंटीचा प्रश्न त्यांतून निघतो. नवीन शाखा बॅटरीपासून स्वतंत्र काढावी.

चौथी गोष्ट बैठकीची. यंत्राचें वजन कांहीं किलो असतें व कच्च्या वाटेवर तें अहोरात्र हिसके खातें. नुसत्या पातळ पत्र्यास भोंकें पाडून बसविल्यास पत्रा चिरतो. पाठीमागें जाड पट्टी द्यावी, व आपोआप न सुटणारे नट वापरावे. कांहीं यंत्रें आडवीं-उभीं कशींहि बसतात, कांहींस ठराविकच बैठक लागते. सोबतचें पत्रक वाचावें. यंत्र हवा ओढतें तें तोंड शक्य तितकें उंच, धूळ व पाणी लागणार नाहीं असें ठेवावें. ओढ्यांतून गाडी नेतांना त्या तोंडांत पाणी शिरलें तर यंत्र गेलेंच समजावें. यंत्रांतून निघणारी हवा हात भाजण्याइतकी तापलेली असते, म्हणून पहिली हातभर नळी धातूच्या जाळीची असावी. साधी प्लास्टिकची नळी तेथें वितळते. सर्व सांधे झाल्यावर साबणाचें पाणी लावून बुडबुडे येतात कीं काय तें पाहावें. ही परीक्षा स्वैंपाकाच्या गॅसच्या नळीस आपण करतोंच.

वापरण्याचे नियम थोडे आहेत. हवा भरतांना इंजिन चालू ठेवावें, व तें बंद जागेंत कधींहि करूं नये. धुराच्या विषाचें भय आहे. पंपावरील कांटा, हवा जात असतां, खऱ्याहून अधिक दाखवितो. म्हणून यंत्र थांबवून वेगळ्या मापकानें मोजावें. तापलेल्या टायराचें माप खरें नव्हे. उष्णता पांचसहा अंश सेल्सियसनीं वाढली कीं दाब सुमारें एक पौंड चढतो. वाळवंटांत दुपारीं बरोबर भरलेला टायर पहांटे दोनतीन पौंडांनीं कमी भरतो, तें पंक्चर नव्हे. किती हवा ठेवावी तें दाराच्या चौकटीवरील पत्रकांत पाहावें. सोडतांना १५-१६ च्या खालीं नवख्यानें जाऊं नये. फार मऊ टायर वळणावर रिमवरून निसटतो. आणि एक विनंति : वाळूंतून गाडी चालते म्हणून कोंकणच्या किनाऱ्यावर ती घालूं नये. अनेक ठिकाणीं तशी मनाई आहे. भरतीच्या पाण्यांत गाडी अडकली तर कोणताहि कॉम्प्रेसर तिला वांचवीत नाहीं. आणि वेळास, आंजर्ले इत्यादि किनाऱ्यांवर हिवाळ्यांत समुद्रकांसवीं अंडीं घालण्यास येतात, त्यांच्या घरट्यांवरून चाक जाणें हें पाप आहे.

आमच्या पत्रलेखिका भगिनींस आतां आमचें उत्तर असें. चिरंजिवांस वर्षाची वही लिहावयास सांगावी. गाडी वर्षांत एक-दोन वेळांच कच्च्या वाटेस जात असेल, तर बॅटरीस चिमटे लावावयाचा पंप घ्यावा. वडील मंडळींचें म्हणणें निम्में राहील. वारंवार जात असेल व घरचीं माणसें बरोबर असतील, तर कायमचा बसविण्यास हरकत घेऊं नये. परंतु जोडणी होत असतां चिरंजिवांनीं स्वतः उभें राहून फ्यूज कोठें बसतो तें पाहावें. पेट्रोलपंप जागोजाग आहेत हें खरें. पण जेथें हवा सोडावी लागते तेथें ते नसतात.

आमच्या घरीं जोडणीनंतरच्या पहिल्या रविवारीं अंगणांतच परीक्षा झाली. चारी टायर १६ वर आणले व पुन्हा ३२ वर नेले. बंधू मापक घेऊन प्रत्येक चाकापाशीं स्वतः वांकले. नळी एका चाकावरून दुसऱ्यावर नेण्याचा वेळ धरून साडेनऊ मिनिटें लागलीं; मातोश्रींनीं ओटीवर बसून घड्याळ धरलें होतें. येत्या चैत्रांत त्यांस घेऊन डोंगरावर जावयाचें ठरलें आहे. जादा फ्यूजांची पुडी गाडींत ठेवण्यासाठीं पुतण्यानें आणली होती. ती त्यांनीं मागून घेऊन आपल्या औषधांच्या डबींत ठेवली आहे. ती डबी घेतल्याशिवाय त्या घराबाहेर पडत नाहींत.